न हि वेरेन वेरानि: भन्ते महाघोसानंद आणि कंबोडियाची धम्मयात्रा

पिंपळपार (धागाकर्ती)

नमो बुद्धाय, जय भीम.

'न हि वेरेन वेरानि' ही गाथा मला कधी पाठ झाली ते आठवत नाही. आजी म्हणायची, आई म्हणायची, विहारात सगळे म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे. जे लहानपणीच तोंडात बसतं त्याच्या अर्थापाशी आपण सहसा थांबत नाही. गेलं वर्षभर कंबोडियाच्या भन्ते महाघोसानंद यांच्याबद्दल मिळेल ते वाचत होते. ही गाथा त्यांनी कुठे आणि कुणासमोर म्हटली ते कळलं, आणि त्या रविवारी वंदनेत माझा आवाजच फुटेना. म्हणून हा धागा काढतेय. जरा लांब आहे, सवडीनं वाचा.

ताकेओ प्रांतातल्या शेतकऱ्याच्या घरात त्यांचा जन्म. आठव्या वर्षी गावच्या विहारात पडेल ते काम करायला राहिले, चौदाव्या वर्षी श्रामणेर, म्हणजे नवशिके भिक्खू, झाले. नॉम पेन्ह आणि बत्तंबांगला शिकले. ज्यांनी ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या, भाषेचा मोठा शब्दकोश केला ते संघराज (भिक्खूसंघाचे प्रमुख) चुओन नाथ त्यांचे गुरू. पुढे १९५० च्या दशकात ते आपल्याकडे, बिहारला आले. भिक्खू जगदीश काश्यपांनी १९५१ मध्ये नालंदाच्या अवशेषांजवळ पाली आणि बौद्ध विद्येसाठी नवी संस्था उभी केली होती. तिथे त्यांनी डॉक्टरेट केली. म्हणजे १९५६ मध्ये नागपूरला आपले आजी-आजोबा पांढरी वस्त्रं नेसून दीक्षाभूमीवर उभे होते, त्या काळात हा ख्मेर भिक्खू याच देशात पाली ग्रंथ वाचत बसला होता. मला या योगायोगाचं फार वाटतं.

१९६५ मध्ये ते थायलंडच्या दक्षिणेला, अरण्यातल्या एका विहारात ध्यान शिकायला गेले. आचार्य धम्मदरो हे तिथले गुरू. चारच वर्षांनी अमेरिकेनं कंबोडियावर बॉम्बफेक सुरू केली. पाठोपाठ यादवी, आणि १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूजनं, म्हणजे पोल पॉटच्या कम्युनिस्ट गटानं, राजधानी नॉम पेन्ह घेतलं. अख्खं शहर चालत बाहेर काढलं. इस्पितळातले रुग्णसुद्धा सोडले नाहीत. भिक्खूंना समाजाचं रक्त पिणाऱ्या जळवा म्हणून हिणवलं, त्यांची चीवरं (भिक्खूंची वस्त्रं) उतरवून त्यांना शेतावर जुंपलं, कितीतरी जणांना मारून टाकलं. विहारांची कोठारं झाली, तुरुंग झाले. साठ हजारांच्या वर भिक्खू असलेल्या त्या देशात चार वर्षांनी तीन हजारही उरले नव्हते असं मानतात. सगळे मिळून मेले सतरा ते वीस लाख, म्हणजे दर चार माणसांमागे जवळजवळ एक.

महाघोसानंद थायलंडच्या जंगलात होते म्हणून वाचले. घरचं कुणीच राहिलं नाही.

त्यांनी स्वतः सांगितलंय की देशाच्या बातम्या येत तसे ते रोज रडत. आचार्य म्हणाले, रडू नकोस, सजग राहा. दार कधी उघडायचं आणि कधी लावायचं हे ज्याला कळतं तो सजग. आज तू तिथली लढाई थांबवू शकत नाहीस, तर वेळ येईल तेव्हासाठी तयार राहा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे फार कठोर वाटलं होतं. आता वाटत नाही.

जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामच्या फौजेनं पोल पॉटला हुसकावलं. पळणारे ख्मेर रूज सैनिक आणि त्यांनी आपल्यासोबत हाकलत नेलेली माणसं जंगलातून थाई सीमेवर येऊन आदळली. ऑक्टोबरमध्ये साकेओला छावणी उघडली. हिवताप झालेले, उपाशी, हाडांचे सापळे झालेले हजारो लोक चिखलात, प्लास्टिकच्या कागदाखाली पडलेले. ज्यांनी मारलं ते आणि ज्यांची माणसं मेली ते, एकाच मैदानात. कोण कोणाचं, ते सगळ्यांना ठाऊक.

छावणी उघडल्यावर थोड्याच दिवसांत भन्ते तिथे पोचले. चार वर्षांत कुणी चीवर पाहिलं नव्हतं. लोक जागच्या जागी वाकले, काही नुसतेच बघत राहिले. भन्त्यांच्या झोळीत मेत्तसुत्ताची, म्हणजे मैत्रीवरच्या बुद्धवचनाची, पत्रकं होती, हाताळून चुरगळलेली. दिसेल त्याला एकेक देत गेले. बांबूचं साधं विहार उभं राहिलं. तिथे जाल तर नंतर तुमचं काही खरं नाही, अशी धमकी छावणीतल्या ख्मेर रूजवाल्यांनी दिली होती. तरीही हजारो लोक आले. भन्ते बसले, आणि आधी पालीत, मग ख्मेरमध्ये म्हणू लागले:

न हि वेरेन वेरानि सम्मन्तीध कुदाचनं।
अवेरेन च सम्मन्ति एस धम्मो सनन्तनो॥

वैरानं वैर कधीच शमत नाही, ते अवैरानंच शमतं, हाच सनातन धम्म. पुन्हा तेच, पुन्हा तेच. हळूहळू लोकांचा आवाज त्यात मिसळला आणि माणसं हमसून रडू लागली.

मी इथेच अडकलेय. तुम्हाला काय वाटतं ते लिहा.

धामकाठ

फार चांगला धागा. एक भर घालतो, कारण ती आमच्या वर्ध्याची आहे.

भन्ते महाघोसानंदांवर ज्यांचा मोठा प्रभाव पडला त्यात जपानी भिक्खू निचिदात्सु फुजी होते. बिहारमध्येच त्यांचा सहवास मिळाला. फुजी १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. डफासारखं चपटं वाद्य काठीनं वाजवत 'नम्यो हो रेंगे क्यो' म्हणत चालायचं, ही त्यांची साधना. गांधीजींनी तो मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत घेतला. आजही सेवाग्रामला संध्याकाळी प्रार्थनेला बसलात तर सुरुवातीला तो कानावर पडतो. लहानपणी मला ते शब्द कोणत्या भाषेतले हेही माहीत नव्हतं. आमच्याकडे फुजींना फुजी गुरुजी म्हणतात. राजगीरच्या डोंगरावरचा पांढरा स्तूप त्यांच्याच संघाचा, आणि वर्ध्याचा विश्वशांती स्तूपसुद्धा.

पुढे कंबोडियात भन्ते चालत निघाले तेव्हा याच संघाचे जपानी भिक्खू डफ वाजवत त्यांच्याबरोबर चालले. भन्त्यांना 'कंबोडियाचे गांधी' म्हणतात ते मी अनेकदा ऐकलंय. अशा उपाध्यांचं मला फार कौतुक नाही, पण इथे धागा खरोखर जुळलेला आहे.

खडकवाट

पिंपळपार ताई, लेख मनापासून लिहिलाय, पोचला. पण माझा एक सवाल आहे आणि तो मी दाबून ठेवणार नाही.

ज्याची लेकरं मारली त्याला 'अवेर' सांगणं, आणि ते मारणाऱ्याच्या शेजारी बसवून सांगणं, हे मला पेलत नाही. आपल्या लोकांना पिढ्यानपिढ्या काय सांगितलं? सहन करा, सोडून द्या, झालं गेलं विसरा. खैरलांजीनंतरही गावात शांतता ठेवा असं सांगणारे होतेच की. शांतता नेहमी मार खाल्लेल्याकडूनच का मागतात? बाबासाहेबांनी धम्म दिला, पण कायदाही दिला. एक दिला म्हणून दुसरा सोडला नाही. या भन्त्यांनी न्यायाचं काय केलं ते सांगा. नाहीतर ही गाथा मारणाऱ्याच्याच सोयीची होते.

मोगरा

खडकवाट यांच्या प्रश्नासाठी थांबलेय. वाचतेय.

पिंपळपार (धागाकर्ती)

खडकवाट दादा, हा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरं झालं. माझ्याही मनात होता, लिहायचं धाडस झालं नव्हतं.

भन्त्यांनी याबद्दल स्पष्ट बोलून ठेवलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आपल्याला छळणाऱ्यावर, म्हणजे कंबोडियाच्या माणसानं ख्मेर रूजवर, प्रेम करणं ही सगळ्यात अवघड गोष्ट असेल, हे मी नाकारत नाही. पण सूडानं चक्र फिरतच राहतं. आणि समेट करायचा म्हणजे आपले हक्क आणि अटी सोडायच्या असं नाही. बोलणी करताना मनात प्रेम ठेवायचं, एवढंच.

हक्क सोडायचे नाहीत, हे त्यांच्या वागण्यातही दिसतं. जून १९८० मध्ये थाई सरकारनं निर्वासितांना सीमेपलीकडे परत पाठवायला सुरुवात केली. साकेओतून परत जायचं म्हणजे पुन्हा ख्मेर रूजच्या हाती आणि लढाईच्या तोंडी जायचं. भन्ते आणि त्यांचे अमेरिकी ख्रिस्ती सहकारी पीटर पाँड आडवे उभे राहिले. ज्यांना जायचं नव्हतं त्यांच्यासाठी विहारात आसरा उघडला, सत्तेची नाराजी ओढवून घेतली. छावणीत गाथा म्हणणारा माणूस तोच आणि आडवा उभा राहणारा माणूसही तोच, मधे काही महिन्यांचंच अंतर. 'सहन करा' म्हणणारा माणूस असं करत नाही.

आणखी एक. 'अवेर' सांगणारा बाहेरून आलेला नव्हता. त्याचं स्वतःचं अख्खं घर गेलेलं होतं. ज्यानं गमावलंय त्यानं म्हणणं वेगळं आणि गावच्या पाटलानं म्हणणं वेगळं. तुमचा राग दुसऱ्या प्रकारावर आहे, आणि तो योग्यच आहे.

साक्षीपुरावा

न्यायाचा मुद्दा निघालाच आहे तर न्यायालयाचं सांगते. वकिलीमुळे या खटल्यांकडे लक्ष होतं.

पोल पॉट एप्रिल १९९८ मध्ये मेला. आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे तो कधी उभाच राहिला नाही. संयुक्त राष्ट्रसंघ आणि कंबोडिया सरकार यांचं संयुक्त न्यायाधिकरण २००६ मध्ये सुरू झालं. तुओल स्लेंगचा, म्हणजे शाळेच्या इमारतीत केलेल्या त्या छळतुरुंगाचा प्रमुख, 'डच' या नावानं ओळखला जाणारा ख्मेर रूजवाला, याला २०१० मध्ये शिक्षा झाली, २०१२ मध्ये अपिलात ती जन्मठेप झाली. नुओन चिया आणि खिउ सांफान या ख्मेर रूजच्या बड्या नेत्यांना २०१४ मध्ये जन्मठेप, २०१८ मध्ये वंशसंहाराबद्दलही दोषी धरलं. त्यांच्यातलाच इएंग सारी खटला चालू असतानाच वारला. शेवटपर्यंत शिक्षा झाली ती फक्त या तिघांना. सतरा लाखांहून जास्त मृत्यू आणि तीन माणसं.

पण साक्षी झाल्या. गावागावांतून आलेल्या लोकांनी न्यायाधीशांसमोर, त्या माणसांकडे बोट दाखवून, आपल्या मेलेल्यांची नावं घेतली. शिक्षेच्या आकड्यात हे दिसत नाही. नाव घेता येणं ही माझ्या लेखी छोटी गोष्ट नाही. भन्ते १२ मार्च २००७ रोजी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात वारले, पहिला निकाल लागायच्या तीन वर्षं आधी.

खडकवाट

साक्षीपुरावा, धन्यवाद. 'तीन माणसं' वाचून थांबलो.

पिंपळपार ताई, पाटलाचं पटलं. बाकीचं अजून मनात घोळतंय.

निळीशाई

एक शंका. भन्ते महाघोसानंद संघराज होते असंही कुठेतरी वाचलंय. मग अमेरिकेत कसे?

पिंपळपार (धागाकर्ती)

१९८० च्या दशकात ते अमेरिकेत, ऱ्होड आयलंडच्या प्रॉव्हिडन्स शहरात राहिले. जिथे जिथे ख्मेर निर्वासित जाऊन पडले तिथे तिथे जाऊन त्यांनी विहारं उभारली. १९८८ मध्ये परदेशातल्या ख्मेर भिक्खूंच्या पॅरिसच्या सभेत त्यांना संघराज निवडलं. देशात संघ पुन्हा स्वतंत्रपणे उभा राहीपर्यंत, या बोलीवर त्यांनी ते पद घेतलं. देशात तेव्हा सगळंच सरकारच्या हाती होतं. १९७९ मध्ये सात भिक्खूंना पुन्हा उपसंपदा (भिक्खूदीक्षा) देऊन सुरुवात झाली खरी, पण पन्नाशीच्या आतल्या पुरुषाला भिक्खू व्हायची मुभा नव्हती. ती अट १९८८ च्या सुमारास गेली. विचार करा, भिक्खू सगळे म्हातारे आणि त्यांच्या हाताखाली शिकायला कुणी तरुण नाही.

कार्तिकी

मला चालण्याबद्दल वाचायचंय. आमच्या घरी वारी आहे, आजोबांपासून. वर धामकाठ यांनी 'चालत निघाले' एवढंच लिहून सोडलंय.

पिंपळपार (धागाकर्ती)

कार्तिकी, सगळ्यात आधी त्याचं नाव बघ. ख्मेर भाषेत 'धम्मयिएत्रा' म्हणतात. म्हणजे आपली धम्मयात्राच.

ऑक्टोबर १९९१ मध्ये पॅरिसला शांततेचा करार झाला. सीमेवरच्या छावण्यांत साडेतीन लाखांवर निर्वासित होते, ते आता परतणार होते. परतणार कुठे, तर भूसुरुंग पेरलेल्या शेतांत. बाहेरचे आणि आतले एकमेकांवर विश्वास ठेवायला तयार नव्हते. १९९२ मध्ये भन्ते छावण्यांतल्या लोकांना घेऊन थाई सीमेकडून नॉम पेन्हकडे निघाले. ऊन असं की रस्ता तापायच्या आत, पहाटेच निघावं लागे. वाटेतल्या गावांत काहींना तेरा-चौदा वर्षांत न दिसलेली आपली माणसं भेटली.

रस्त्याकडेला लोक पाण्याच्या बादल्या भरून, उदबत्त्या पेटवून बसलेले असत. भिक्खू हिरव्या डहाळीनं ते पाणी लोकांवर शिंपडत पुढे जात, आणि लोक पेटलेल्या उदबत्त्या पाण्यात बुडवून विझवत. लढाईची आग अशीच विझू दे, म्हणून. एकेक उदबत्ती, चर्र आवाज, आणि पुढची. माझ्या डोळ्यांसमोरून हे जात नाही.

१९९३ ची यात्रा निवडणुकीच्या तोंडावर सिएम रीपहून निघाली. निघायच्या आधी सगळे ज्या विहारात मुक्कामाला होते तिथे गोळीबार झाला, आत हातबॉम्ब येऊन पडला, तो फुटला नाही म्हणून माणसं वाचली. तरी दुसऱ्या दिवशी निघालेच. वाटेत सैनिक बंदुका खाली ठेवून पाणी शिंपडून घ्यायला येत. आमच्या गोळीनं कुणी मरू नये आणि कुणाच्या गोळीनं आम्ही मरू नये, असं मागत. बंदूक हातात असलेलाही भ्यालेलाच होता. त्या निवडणुकीत जवळपास नव्वद टक्के मतदान झालं. श्रेय एकट्या यात्रेचं नाही, पण घराबाहेर पडायची भीती मोडायला तिनं हातभार लावला, असं मला वाटतं.

कार्तिकी

वाचताना गलबलून आलं. आमच्याकडेही दारात पाणी घेऊन बायका उभ्या असतात, वारकऱ्यांचे पाय धुवायला.

पण मी तुलना करणार नाही. आमची वाट शेकडो वर्षं मळलेली, पुढे विठ्ठल उभा आहे हे ठाऊक असलेली. त्यांच्या वाटेवर पाऊल कुठे ठेवावं हेही ठाऊक नव्हतं. भन्ते 'पावलामागून पाऊल' म्हणायचे ते मला आत्ता नीट कळलं. सुरुंगाच्या रस्त्यावर तो शब्दशः सल्ला आहे.

साक्षीपुरावा

१९९४ चंही लिहा, ताई. ते टाळू नका.

पिंपळपार (धागाकर्ती)

टाळत नव्हते, धीर गोळा करत होते.

१९९४ ची यात्रा बत्तंबांगहून पैलिनकडे निघाली. पैलिन हा ख्मेर रूजचा गड. वाटेत सरकारी सैन्य आणि ख्मेर रूज यांच्यातल्या गोळीबारात यात्रा सापडली. एक भिक्खू आणि एक उपासिका गेली. काही जखमी झाले, काहींना धरून नेलं, नंतर सोडलं. यात्रेसोबत सरकारी सैनिक चालत होते, ही चूक झाली होती.

पुढच्या वर्षांसाठी नियम कडक केले. यात्रेत शस्त्र नाही, गणवेश नाही, पक्षाचा झेंडा नाही, आणि येणाऱ्या प्रत्येकानं आधी अहिंसेचं शिक्षण घ्यायचं. खडकवाट दादा, मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं थोडं उत्तर इथेही आहे. माणसं गेल्यावर त्यांनी 'धम्माची इच्छा' म्हणून हात जोडले नाहीत, कुठे चुकलं ते शोधलं आणि बदललं. १९९५ मध्ये पुन्हा निघाले, थाई सीमेपासून थेट व्हिएतनामच्या सीमेपर्यंत. पुढे जंगलतोडीवर बोलत, वाटेत झाडं लावत चालले. भूसुरुंगबंदीच्या मोहिमेत तर ते होतेच. जमिनीतले सुरुंग काढायला आधी मनातले काढावे लागतात, असं म्हणायचे.

दूरदेशी

बोस्टनजवळ राहतो. इथून लॉवेल फार लांब नाही. जुन्या कापडगिरण्यांचं गाव, आणि अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या ख्मेर वस्त्यांपैकी एक. हा धागा वाचून मागच्या रविवारी तिथल्या एका विहारात गेलो. बाहेरून साधं लाकडी घर, दाराशी चपलांचा ढीग, आत स्टीलच्या डब्यांतून भन्त्यांसाठी आणलेलं जेवण. आपल्या विहारासारखंच.

वंदना सुरू झाली तेव्हा पहिली दोन मिनिटं मला काहीच कळेना. ते 'बुद्ध'मधला 'ब' 'प'सारखा म्हणतात, 'धम्म'मधला 'ध' 'थ'सारखा. मग चालीवरून एकदम लागलं, हे त्रिसरण आहे! मी माझ्या उच्चारात हळूच म्हणू लागलो. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी वळून पाहिलं आणि सरकून मला चटईवर जागा दिली. इंग्रजी त्यांना फारसं येत नव्हतं. निघताना मी मोबाइलवर महाघोसानंदांचा फोटो दाखवला. त्यांनी हात जोडले, मग मोबाइल धरलेला माझा हात धरून कपाळाला लावला. मला पुढे काही विचारता आलं नाही.

लेव्हरेटचा शांती स्तूपही इथून दोनेक तासांवर आहे, फुजी गुरुजींच्या संघानं बांधलेला. भन्ते उतारवयात तिथेही राहायचे. बर्फ वितळलं की जाईन.

धामकाठ

दूरदेशी, गेलात तर डफाचा आवाज ऐकू येतो का बघा आणि इथे लिहा.

खडकवाट

काल रात्री मेत्तसुत्त काढून वाचलं. 'माता यथा नियं पुत्तं आयुसा एकपुत्तमनुरक्खे'. आई आपल्या एकुलत्या एका लेकराला जिवापाड जपते, तसं मन सगळ्या जिवांसाठी ठेवावं. साकेओत ज्यांच्या हाती हे पत्रक पडलं त्यात कितीतरी बायांची लेकरं गेलेली असणार. त्यांच्यापुढे नेमकी हीच उपमा. मी असतो तर मला ते पत्रक देववलं नसतं.

भन्त्यांनी दिलं, आणि त्या बायांनी ते घेतलं. त्यांनी का घेतलं ते मला कळून घ्यायचंय. अजून कळलेलं नाही. ख्मेर बायांच्या तोंडचं त्या दिवसांबद्दल काही भाषांतरात असेल तर सांगा, मी शोधतोय.

पिंपळपार (धागाकर्ती)

दादा, मीही शोधते. मिळालं तर इथेच टाकते.

काल आईला हे सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. छावणीचं सांगून झालं तरी काही बोलली नाही, मेथीची पानं खुडत राहिली. मग विचारलं, "त्या बायांना जेवायला कोण देत होतं गं?" मी म्हटलं, रेडक्रॉसवाले होते, संयुक्त राष्ट्रसंघाचे लोक होते. "आणि भन्ते?" मी म्हटलं, ते त्यांच्यातच राहत होते. "मग बरोबर आहे," म्हणाली आणि देठं उचलून आत गेली.